सैनिकी गुप्तवार्ता : स्वरूप, इतिहास आणि सेवेच्या संधी

मुंबई–नागपूर लोहमार्गावरील नांदुरा हे बुलढाणा जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. येथून हिमालयाची सीमा फार दूर आहे आणि समुद्रही जवळ नाही. सीमेपलीकडील घडामोडींचा येथील जनजीवनाशी काय संबंध, असे कोणासही सहज वाटावे. तथापि, १४ फेब्रुवारी २०१९ रोजी काश्मीरमधील पुलवामा येथे केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या ताफ्यावर भीषण हल्ला झाला. त्यात धारातीर्थी पडलेल्या ४० जवानांपैकी दोघे बुलढाणा जिल्ह्याचे सुपुत्र होते. त्यांतील एक तर नांदुऱ्याशेजारच्या मलकापूरचा. राष्ट्राच्या सुरक्षेचे निर्णय दिल्लीत होत असले, तरी त्यांचे बरेवाईट परिणाम अशा गावांतील उंबरठ्यांपर्यंत येऊन पोचतात. हे निर्णय ज्या माहितीच्या आधारे घेतले जातात, ती मिळविणारी, पारखणारी आणि योग्य ठिकाणी पोचविणारी सेवा म्हणजे सैनिकी गुप्तवार्ता होय.

गुप्तवार्ता म्हणजे काय?

'गुप्तहेर' हा शब्द उच्चारताच वेषांतर आणि साहसकथा डोळ्यांपुढे उभ्या राहतात. ज्या जिल्ह्यातील सिंदखेडराजा येथे जिजाऊंचा जन्म झाला, त्या जिल्ह्याला बहिर्जी नाईकांचे नाव नव्याने सांगावयास नको. १६६४ च्या सुरत स्वारीपूर्वी त्या शहराची बातमी त्यांनी शिवाजी महाराजांना आणून दिली होती. परंतु आधुनिक सैन्यात धाडस हा या कार्याचा केवळ एक भाग आहे. सेनाधिकाऱ्यास कोणती माहिती हवी हे प्रथम निश्चित करावे लागते. त्यानंतर ती गस्ती तुकड्या, हवाई छायाचित्रे, उपग्रह, बिनतारी संदेश, इतकेच नव्हे तर परदेशी वृत्तपत्रे अशा अनेक साधनांनी गोळा केली जाते. मग एका साधनाची माहिती दुसऱ्या साधनाशी ताडून पाहून तिचा अर्थ लावला जातो आणि निष्कर्ष निर्णय घेणाऱ्याच्या हाती वेळेवर दिला जातो.

महसूल आणि पंचायत राज्याच्या कामाशी परिचित असलेल्यांना हे सहज उमगेल. पूर्णा नदीला पूर येणार, एवढे म्हणून नदीकाठच्या गावाचे रक्षण होत नाही. वरच्या भागात पाऊस किती पडला, पाणी किती वाजता किती चढले, हे कोणी प्रत्यक्ष पाहिले आणि ती वार्ता कोणाकडे पोचली, या सर्वांची साखळी पूर्ण व्हावी लागते. त्यातील एक कडी निखळली, तरी खरी वार्ताही निरुपयोगी ठरते.

सेनापती थोरातांचे टिपण

या सत्याचा एक बोलका दाखला महाराष्ट्राच्याच एका सुपुत्राच्या चरित्रात आढळतो. लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात हे कोल्हापूर परिसरातील वडगावचे. सँडहर्स्ट येथे शिक्षण घेऊन ते १९२६ मध्ये सैन्यात अधिकारी झाले. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर त्यांनी पराक्रम गाजविला. कोरियातील युद्धविरामानंतर, १९५३-५४ मध्ये, मायदेशी परतण्यास तयार नसलेल्या सुमारे २३ हजार युद्धकैद्यांच्या देखरेखीसाठी भारताने जे सैन्य पाठविले, त्याचे नेतृत्व थोरातांकडे होते. आशियातील सत्तासंघर्षाचे हे दर्शन त्यांना अगदी जवळून घडले.

१९५७ मध्ये ते पूर्व विभागाचे सेनापती झाले. आजच्या अरुणाचल प्रदेशाची, म्हणजे तेव्हाच्या नेफाची, सीमा त्यांच्या अखत्यारीत आली. तेथील भूप्रदेश, वाटा आणि तिबेटमधील चिनी हालचाली यांचा अभ्यास करून त्यांनी ऑक्टोबर १९५९ मध्ये सेना मुख्यालयास एक सविस्तर टिपण सादर केले. चीनकडून आक्रमण संभवते आणि उपलब्ध सैन्य त्यास पुरे पडणार नाही, असा त्यांचा स्पष्ट निष्कर्ष होता. ऐन सीमेवर लहान चौक्या केवळ पाळतीसाठी असाव्यात, मुख्य प्रतिकार मात्र रसद पोचू शकेल अशा मागील ठिकाणी व्हावा, म्हणजे शत्रूची रसदीची वाट लांबत जाऊन तो दुर्बळ होईल, अशी त्यांची योजना होती. सरसेनापती थिमय्या यांना ती मान्य होती. संरक्षण मंत्रालयाच्या पातळीवर मात्र ती स्वीकारली गेली नाही. मार्च १९६० मध्ये लखनौ येथे 'लाल किला' नावाच्या सरावात थोरातांनी हेच चित्र ज्येष्ठ अधिकाऱ्यांपुढे मांडले. मे १९६१ मध्ये ते निवृत्त झाले.

२० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने आक्रमण केले. नेफातील घटनांचे सरावात दाखविलेल्या क्रमाशी बरेच साम्य होते. पंडित नेहरूंनी थोरातांना दिल्लीस बोलावून घेतले आणि ते टिपण आपणांस दाखविण्यात आले नव्हते असे सांगितले, असे थोरातांनी आपल्या आत्मचरित्रात नमूद केले आहे. वार्ता खरी होती, अर्थही अचूक लावला होता. परंतु ती निर्णयापर्यंत पोचली नाही. त्याची किंमत सीमेवरच्या जवानांनी मोजली.

पराभवातून सुधारणा

युद्धविरामाच्या सुमारास, नोव्हेंबर १९६२ मध्ये, यशवंतराव चव्हाण यांनी संरक्षणमंत्रिपदाची सूत्रे हाती घेतली. पराभवाच्या चौकशीतील निष्कर्षांविषयी सप्टेंबर १९६३ मध्ये संसदेत निवेदन करताना, माहितीचे संकलन संथ आणि वृत्तांत मोघम होते, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले. संरक्षणविषयक प्रश्नांचा स्वतंत्र अभ्यास व्हावा, यासाठी त्यांच्याच कारकीर्दीत, १९६५ मध्ये, दिल्लीत संरक्षण अध्ययन व विश्लेषण संस्था स्थापन झाली. आज ती मनोहर पर्रीकर यांच्या नावाने ओळखली जाते. परदेशविषयक गुप्तवार्तेसाठी १९६८ मध्ये 'रॉ' ही स्वतंत्र संघटना निर्माण करण्यात आली.

या प्रयत्नांचे फळ १९७१ मध्ये दिसून आले. बांगला देशाच्या मुक्तिसंग्रामात भारतीय सैन्याने घाई केली नाही. पावसाळ्यात नद्यानाल्यांनी भरलेला पूर्व बंगाल सैन्याच्या हालचालींस प्रतिकूल होता, तर हिवाळ्यात बर्फामुळे हिमालयातील खिंडी बंद होऊन चीनच्या हस्तक्षेपाची शक्यता कमी होणार होती. ऑगस्टमध्ये सोव्हिएत संघाशी मैत्रीचा करार झाला. डिसेंबरमध्ये युद्धास तोंड फुटले आणि अवघ्या तेरा दिवसांत ढाका मुक्त झाले. ऋतुमान, भूगोल आणि परराष्ट्रनीती यांचा असा मेळ घालणे, यालाच सुरक्षा धोरण म्हणतात.

तरीही ही सुधारणा एकदाच करून संपणारी नसते. १९९९ मध्ये कारगिलच्या शिखरांवर झालेली घुसखोरी वेळेवर ध्यानात आली नाही. के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखालील समितीने निरनिराळ्या यंत्रणांतील समन्वयाच्या उणिवा दाखवून दिल्या. त्यानंतरच्या सुधारणांत, २००२ मध्ये, तिन्ही दलांच्या गुप्तवार्तेचा मेळ घालणारी संरक्षण गुप्तवार्ता संस्था अस्तित्वात आली.

सेवेची वाट

या क्षेत्रात जाण्याचा मार्ग नांदुऱ्यासारख्या गावातील विद्यार्थ्यांनाही खुला आहे. दहावीनंतर छत्रपती संभाजीनगर येथील राज्य शासनाच्या सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्थेत परीक्षा देऊन प्रवेश मिळतो. ही संस्था १९७७ पासून कार्यरत आहे. मुलींसाठी अशीच संस्था २०२३ मध्ये नाशिक येथे सुरू झाली. बारावीनंतर खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत जाता येते. २०२२ पासून तेथे मुलींनाही प्रवेश आहे. पदवीधरांसाठी संघ लोकसेवा आयोगाची संयुक्त संरक्षण सेवा परीक्षा असते. सैन्यात दाखल झाल्यावर गुणवत्ता आणि कल पाहून काहींची निवड गुप्तवार्ता शाखेसाठी होते. या शाखेचे प्रशिक्षण पुण्यात दिले जाते. विदर्भाला जवळ असलेल्या पचमढी येथे सैन्याच्या शिक्षण कोअरच्या संस्थेत परकीय भाषा शिकविल्या जातात.

परदेशातील भारतीय वकिलातींत संरक्षण प्रतिनिधी म्हणून काम करणे, ही अशा कारकिर्दीतील एक महत्त्वाची पायरी होय. पुण्याच्या ज्ञानप्रबोधिनी प्रशालेत शिकलेले जनरल मनोज नरवणे यांनी ब्रह्मदेशात असे काम केले होते. ३१ डिसेंबर २०१९ रोजी ते भूदलप्रमुख झाले आणि जून २०२० मध्ये गलवान खोऱ्यात चीनशी संघर्ष उद्भवला, तेव्हा भूदलाची धुरा त्यांच्याकडेच होती.

या सेवेत मानसन्मान जाहीरपणे क्वचितच मिळतो. यश प्रसिद्ध होत नाही आणि अपयश मात्र सर्वांना दिसते. म्हणून तिला लागणारे गुण लहानपणापासूनच अंगी बाणावे लागतात. नकाशा वाचावयास शिकविणारा भूगोलाचा शिक्षक आणि पाहिलेले तेवढेच लिहावयास लावणारा भाषेचा शिक्षक, हे दोघेही या सेवेची पायाभरणी करीत असतात. ऐकीव माहिती आणि प्रत्यक्ष पाहणी यांतील भेद ओळखणे, अप्रिय निष्कर्षही न डगमगता लिहिणे आणि तो वरिष्ठांच्या हाती पडेपर्यंत पाठपुरावा करणे, या सवयी तलाठ्याच्या दप्तरात जितक्या आवश्यक, तितक्याच सीमेवरच्या चौकीत. त्याचप्रमाणे खालून आलेला प्रतिकूल अहवाल बाजूस न सारता तो वाचणे, हेही अधिकारपदाचे कर्तव्य आहे. थोरातांच्या टिपणाने शिकविलेला हा धडा सैन्यापुरता मर्यादित नाही.