डोंगरावरून समुद्राकडे : एका दिवसाची सहल

विदर्भातल्या माणसाला पाणी काही नवे नाही. कन्हान, वर्धा, वैनगंगा या नद्यांचे पूर आपण पाहिलेले असतात. आभाळ भरून येते, पाणी गढूळ होते, काटक्याकुटक्या वाहत येतात आणि माणूस सावध होतो. समुद्राचे तसे नाही. लख्ख ऊन पडलेले असते, वारा मंद असतो, आणि तरीही पाणी चढत असते. म्हणून नागपूरकडून कोकणात सहल नेणाऱ्या शिक्षकांनी या पाण्याचा स्वभाव आधी ओळखून घ्यावा.

घाट आणि किनारा एकाच दिवसात पाहायचा तर महाबळेश्वर ते हरिहरेश्वर ही वाट फार चांगली. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतेराशे मीटर उंच. तिथे उगम पावणारी कृष्णा पूर्वेकडे वळून बंगालच्या उपसागराला मिळते. सावित्री मात्र पश्चिमेचा कडा उतरून हरिहरेश्वर-बाणकोटजवळ अरबी समुद्रात जाते. आपलीही वाट सावित्रीचीच. आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरायचे, हे अंतर सुमारे ४० किलोमीटर. पुढे महाड, माणगाव, म्हसळा करीत हरिहरेश्वर. सह्याद्रीचा पूर्वेकडचा उतार सौम्य आहे, पश्चिमेकडचा कड्यासारखा तुटलेला. म्हणून घाट इकडेच लागतो.

घाट उतरताना गाडी ज्या गिअरमध्ये चढली असती, त्याच गिअरमध्ये उतरवावी. मग इंजिनच तिला मागे ओढून धरते. सारखा ब्रेक दाबून ठेवला तर तो तापतो आणि ऐन वळणावर धरीनासा होतो. तेल वाचवायला कुणी गाडी न्यूट्रलमध्ये सोडत असेल, तर त्याला तिथेच थांबवा. वळणावर भोंगा वाजवावा, चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी. मुलांना सकाळी पोटभर खाऊ घालू नये. हलकी न्याहारी बरी, म्हणजे वळणांनी मळमळत नाही. पावसाळ्यात तर हा बेत आखूच नये. नागपूरला वर्षाकाठी सुमारे ११०० मिलिमीटर पाऊस पडतो, महाबळेश्वरला ५००० हून अधिक. त्यात धुके आणि दरडी. २८ जुलै २०१८ रोजी याच आंबेनळी घाटात सहलीची बस दरीत कोसळली. तिच्यातला एकच माणूस वाचला.

आता भरती-ओहोटीचा हिशोब पाहू. मुख्यतः चंद्राच्या ओढीने समुद्राचे पाणी दिवसातून दोनदा चढते आणि दोनदा उतरते. भरतीपासून ओहोटीपर्यंत सव्वासहा तासांच्या आसपास जातात. चंद्र रोज सुमारे पाऊण तास उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच पुढे सरकते. यावरून किनाऱ्यावरच्या माणसांनी एक सोपा आडाखा बांधला आहे : पक्षातली तिथी घ्या, तिला पाऊणने गुणा, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. उदाहरणार्थ, एकादशी. अकरा पाऊण म्हणजे सव्वाआठ. सकाळी सव्वाआठला भरती, तर पूर्ण ओहोटी दुपारी अडीचच्या सुमारास. पौर्णिमेला आणि अमावास्येला मात्र भरती येते भर दुपारी, शिवाय ती उधाणाची; म्हणजे सर्वांत उंच. हा अंदाज झाला. नक्की वेळ गावातल्या कोळ्यांना विचारूनच पक्की करावी.

याची गरज हरिहरेश्वरला लगेच कळते. देवळामागे पायऱ्या उतरून खडकांवरून प्रदक्षिणेची वाट जाते. ओहोटीला तिथे निवांत चालता येते. भरतीला तीच वाट पाण्याखाली जाते, आणि मागे उभा कडा असतो. एकादशीचा दिवस असेल तर सकाळी लवकर निघून दुपारी बाराच्या आत पोहोचावे, जेवण उरकावे, दीडला खाली उतरावे आणि अडीचला सर्वांना वर आणावे. पाणी उतरत असताना जावे, चढू लागण्यापूर्वी परतावे. खडक शेवाळलेले असतात, तेव्हा पाठ समुद्राकडे करून उभे राहू नये. पोहणे येते म्हणून कुणाला पाण्यात सोडू नये. विहिरीतले पोहणे वेगळे आणि ओढीच्या पाण्यातले वेगळे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातल्या मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले.

चालताना मुलांना खडकही दाखवा. त्यांवर मधाच्या पोळ्यासारखी भोके दिसतात. लाटांचे खारे तुषार खडकात मुरतात, वाळताना मिठाचे स्फटिक वाढतात आणि दगड कणाकणाने फुटतो. हा काळा खडक लाव्हाचा, कोट्यवधी वर्षांपूर्वीचा. आपल्या सीताबर्डीची टेकडीही त्याच खडकाची आहे, हे मुलांना सांगितले म्हणजे आठशे किलोमीटरांवरचा किनारा त्यांना परका वाटणार नाही.

मुक्काम हरिहरेश्वरलाच करावा. अंधारात घाट चढण्याची घाई नको. सहलीची तारीख ठरवण्यापूर्वी वर्गात पंचांग उघडा, फळ्यावर तिथी लिहा आणि पाऊणकीचे गणित मुलांकडूनच करून घ्या. जी तारीख त्या गणितात बसेल, तीच सहलीची.