साबिरा नावाची मुलगी

रमजानला सब्राचा महिना म्हणतात. तहान लागली आहे, पाणी समोर आहे, तरी रोजेदार हात आवरतो. अरबीत या धातूचा मूळ अर्थच रोखून धरणे, बांधून ठेवणे असा आहे. कोरफडीच्या कडू रसालाही तिकडे याच मुळाक्षरांचा शब्द आहे. साबिर, साबिरा ही नावे इथून आली आणि मराठीतली ‘सबुरी’सुद्धा.

अमीन म्हणजे विश्वासू. पैगंबरी मिळण्याआधीपासून मक्केचे लोक हजरत मुहम्मद (स.) यांना ‘अल-अमीन’ म्हणत, आपल्या ठेवी त्यांच्याकडे ठेवत. ते नाव कमावलेले होते. आज पाळण्यातल्या बाळाला ते आधी मिळते, कमावायचे मागाहून. अमानत आणि इमान हे शब्दही त्याच घरातले.

पण गुणाचे नाव ठेवण्यात एक खोच आहे. उम्मे सलमा (रजि.) यांच्या लेकीचे नाव ‘बर्रा’, म्हणजे पुण्यशील, असे होते. पैगंबरांनी ते बदलून जैनब ठेवले. आपणच आपल्याला नेक म्हणवून घेऊ नये, नेक कोण ते अल्लाह जाणतो, असे कारण हदीसमध्ये येते. हजरत जुवैरिया (रजि.) यांचे मूळ नावही बर्राच. उलट हजरत उमर (रजि.) यांच्या मुलीचे ‘आसिया’, म्हणजे आज्ञा मोडणारी, हे नाव बदलून जमीला झाले. (आपल्याकडच्या आसियांनी घाबरू नये. फिरऔनच्या श्रद्धावान पत्नीचे नाव आसिया. अरबीत त्याची अक्षरे वेगळी, देवनागरीत मात्र दोन्ही सारखीच दिसतात.)

साबिर नावाच्या मुलाला सब्राची आठवण क्वचितच कुणी करून देते. साबिराला मात्र माहेरहून निघतानाच ऐकवले जाते, आणि सासरी हात उगारला गेला तरी पुन्हा तेच: ‘बेटी, सब्र कर.’ सब्र म्हणजे तोंड मिटून सोसणे, हा अर्थ कुरआनातला नव्हे. हजरत अय्यूब (अलै.) यांना कुरआन साबिर म्हणते, आणि त्यांनी आपले दुखणे अल्लाहसमोर बोलून दाखवले होते. हजरत याकूब (अलै.) यांनी तर ‘सब्रे-जमील’, सुंदर सब्र, हा शब्द स्वतः उच्चारला. तेच याकूब यूसुफसाठी इतके रडले की त्यांचे डोळे पांढरे झाले.