हिरव्या पाण्यातली विजेरी

स्कूबासाठी विजेरी घेताना पहिला प्रश्न विचारला जातो तो ल्युमेन किती, हा. जमिनीवर तो रास्त आहे, पण मालवणच्या पाण्यात जवळजवळ निरुपयोगी आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा समुद्र उथळ. कर्ली आणि गड या नद्या, कोळंबची खाडी त्यात गाळ आणि कुजलेल्या पाल्याचा पिवळसर अंश आणून सोडतात, प्लवकांची त्यात भर पडते. निळा प्रकाश हा पिवळा अंश आणि प्लवक शोषतात, तांबडा खुद्द पाणीच शोषून घेतं, म्हणून उरतो हिरवा. अशा पाण्यात एक मीटर पार करताना निम्मा प्रकाश हरवतो, असं धरू. तीन मीटरवरच्या खडकापर्यंत जाऊन डोळ्यापर्यंत परत यायचं म्हणजे सहा मीटरचा रस्ता. सहा वेळा निम्मं झालं, की उरतो चौसष्टावा भाग. आता ल्युमेन दुप्पट केले तर भरून निघतं ते एकच निम्मं, म्हणजे एक मीटर. तो जाण्यायेण्यात वाटला गेला की पल्ला वाढतो अवघा अर्धा मीटर, आणि शलाका पसरत जाते म्हणून प्रत्यक्षात तेवढाही नाही. उलट मधले तरंगते कण मात्र दुप्पट उजळतात. आंबोलीच्या धुक्यात गाडीचा प्रखर दिवा लावल्यावर समोर पांढरी भिंत उभी राहते, तसंच इथे होतं. तेव्हा पाहायची ती शलाकेची रुंदी. अरुंद शलाकेची विजेरी मुखवट्यापासून हातभर दूर, तिरपी धरली की नजर आणि वस्तू यांच्यामधलं कमीत कमी पाणी उजळतं.

यावर कुणी म्हणेल की इथली बहुतेक डायव्हिंग भरदिवसा आणि दहा मीटरच्या आत होते, मग विजेरी हवीच कशाला? पाच-सहा मीटरवर तांबडा रंग बराचसा संपलेला असतो, म्हणून. खडकाच्या कपारीतला लाल स्पंज तिथे काळपट दिसतो आणि अर्ध्या मीटरवरून विजेरी धरली की त्याचा खरा रंग परत येतो. इतक्या जवळून लहानसा दिवाही पुरतो. प्रखर दिवा टाळायला आणखी एक कारण आहे. एलईडी दिव्यांनी मासे गोळा करून पकडण्यावर केंद्र सरकारने २०१७ मध्ये बंदी घातली आणि ती पाळली जावी म्हणून इथले पारंपरिक मच्छीमार आजवर झगडत आले आहेत. हातातल्या विजेरीची त्या दिव्यांशी बरोबरी नाही. पण समुद्री जीव प्रकाशाला प्रतिसाद देतात हे तत्त्व एकच, आणि १९८७ पासून सागरी अभयारण्य असलेल्या भागात गरजेपेक्षा जास्त उजेड पाडणं मला योग्य वाटत नाही.

भरवशाचा प्रश्न खरा सुटतो तो रबरी ओ-रिंगपाशी. दर दहा मीटरला एक वातावरण दाब वाढतो, म्हणून खोलीचीच भीती वाटते. पण नीट बसलेल्या रिंगला दाब अधिकच घट्ट दाबतो. पाणी शिरतं ते खाचेत अडकलेल्या वाळूच्या कणामुळे किंवा केसामुळे, तेही बरेचदा उथळ पाण्यातच. म्हणून उघडण्याच्या जागा जितक्या कमी तितकं बरं. डोकं फिरवून चालू-बंद होणाऱ्या विजेरीत पाणी अडवणारी रिंगच दरवेळी घासली जाते. चुंबकीय बटणाला आवरणात भोकच लागत नाही. त्याच्या फटीत वाळू आणि मीठ साचतं हा आक्षेप बरोबर आहे, पण गोड्या पाण्यात बुडवून बटण चार वेळा सरकवलं की ते निघून जातं. होकायंत्रापासून मात्र हे चुंबकीय बटण लांब ठेवावं लागतं. नुसत्या ‘आयपी ६८’ या शिक्क्यावरही विसंबू नये, कारण त्यातली खोली आणि वेळ उत्पादकच ठरवतो. मीटरमधला आकडा स्पष्ट छापलेला हवा.

रात्री उतरायचं तर दोन विजेऱ्या लागतातच. पैसे मोजकेच असतील तर दोन हजार ल्युमेनच्या एकीपेक्षा सातशेच्या दोन घ्याव्यात. सेल बदलून झाकण लावायचं काम होडीत नाही, घरी कोरड्या हातांनी उरकावं, आणि दुसरी विजेरीही होडीत चढण्यापूर्वी एकदा पेटवून पाहावी.