कॅनव्हासच्या आतला मे महिना

मे महिन्यात स्वेटर घातलेली माणसे महाराष्ट्रात दोनच ठिकाणी भेटतात. एक महाबळेश्वरच्या पॉइंटवर आणि दुसरे रायफल रेंजवर. महाबळेश्वरवाल्यांचे आपण समजू शकतो. रेंजवरची मुलगी मात्र त्या स्वेटरवर कॅनव्हास आणि चामड्याचे जॅकेट चढवते, तसलीच ट्राउझर घालते, सपाट तळाचे जड बूट आणि डाव्या हाताला गादीसारखा हातमोजा. जॅकेट इतके ताठ की जमिनीवर ठेवले तर आत कुणी असल्यासारखे उभे राहते. शेवटची गुंडी लागेपर्यंत मुलीच्या कपाळावर घाम डवरलेला असतो आणि अजून एकही गोळी सुटलेली नसते.

हा वेडेपणा नाही. ५० मीटर रायफलमध्ये दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटरचे, रुपयाच्या नाण्याच्या जवळजवळ निम्मे. रायफल जास्तीत जास्त ८ किलोची. ती उभ्याने धरून ठेवायची तर पाठीला आधार हवा, तो ताठ कॅनव्हास देतो. स्वेटरचे काम वेगळे. छातीतले आणि दंडातले ठोके रायफलपर्यंत पोहोचू नयेत म्हणून मध्ये घातलेली ती गादी. कापडाच्या एका थराची जाडी २.५ मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही, ते किती वाकते हेही यंत्रावर मोजतात. ही मोजणी डिसेंबरमध्ये आणि मेमध्ये सारखीच.

आपल्याकडचा नेमबाज उन्हाळा टाळू म्हणाला तरी टाळू शकत नाही. २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकसाठी भारताच्या रायफल-पिस्तूल संघाच्या निवड चाचण्या एप्रिलमध्ये दिल्लीला आणि मेमध्ये भोपाळला झाल्या. महिने पाहा आणि गावे पाहा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे याच चाचण्यांतून संघात आला. १ ऑगस्टला शातोरूच्या रेंजवर ५० मीटर थ्री पोझिशनचे ब्राँझ त्याने घेतले. प्राथमिक फेरीत ६० गोळ्यांत ५९० गुण, म्हणजे सगळ्या मिळून फक्त दहा गुण सुटले. ही फेरी दीड तासाची. त्याआधी तयारीची आणि साइटर्सची, म्हणजे अंदाजाच्या गोळ्यांची, पंधरा मिनिटे. गुडघा टेकून, झोपून आणि उभ्याने, सगळे त्याच चिलखतात.

शरीराला थंड व्हायचा उन्हातला मुख्य मार्ग एकच, घाम. पण घाम येऊन भागत नाही, तो वाळावा लागतो. एक लिटर घाम वाळताना शरीरातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. टपटप गळून पडलेला किंवा स्वेटरने शोषून घेतलेला घाम जवळजवळ काहीच नेत नाही, नुसते पाणी आणि मीठ घेऊन जातो. कॅनव्हासच्या आत वाऱ्याचा शिरकाव नाही, त्यामुळे तिथला घाम असा फुकट जातो. मॅच संपल्यावर खुर्चीच्या पाठीवर उलटे टाकलेले जॅकेट वाळले की काखेपाशी मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटतात. एकीच्या आत एक, नकाशातल्या समुद्रकिनाऱ्यासारख्या.

आता मुख्य गोष्ट. धावपटूला ऊन लागले की पाय जड होतात, वेग मंदावतो, ते सगळ्यांना दिसते. नेमबाजाकडून ऊन आधी हिरावून घेते ती स्थिरता, आणि ते बाहेरून कुणालाच दिसत नाही. शरीर तापले की रक्त त्वचेकडे धावते, हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात. झोपून नेम धरताना दंडावर आवळलेल्या स्लिंगखालून धमनी जाते. ठोका वाढला की पुढच्या साइटच्या कड्यात काळा गोल नाचायला लागतो. ठोके मंदावणारी बीटा ब्लॉकर औषधे या खेळात बंद आहेत, यावरून एकेका ठोक्याची किंमत कळावी. एरवी शांत मनाने मिळवलेले दहा ठोके ऊन पाऊण तासात परत घेते.

हौसेने काही वर्षे मी प्रोन, म्हणजे पालथे झोपून करायची, नेमबाजी केली. एकदा मेमध्ये, अकराच्या सुमारास, शेवटच्या दहा गोळ्या एकामागून एक उजवीकडे नऊमध्ये जायला लागल्या. मी वाऱ्याला दोष दिला आणि साइटला क्लिक देत राहिलो. वारा नव्हताच. सकाळपासून पोटात अर्धा पेला चहा, बाकी काही नाही. उठून जॅकेट काढले तेव्हा खांबाला धरून उभे राहावे लागले. शेजारच्या लेनमधले एक निवृत्त सुभेदार एवढेच म्हणाले, ‘‘साहेब, वाऱ्याचे झेंडे तरी बघायचे होते.’’

सुभेदारांचे बरोबर होते. नेमबाज वाऱ्याला शिव्या देत नाही, तो मोजतो आणि क्लिक देतो. उन्हाच्या बाबतीत मात्र आपण अचानक पराक्रमी होतो. सोसायचे, दात खायचे, ‘एवढ्याने काय होते’ म्हणायचे. ऊनही मोजायचीच गोष्ट आहे.

आणि ते मोजायची रीत मुळात सैनिकांसाठीच निघाली. १९५०च्या दशकात अमेरिकेच्या मरीन दलात भरती झालेली पोरे कवायतीत उन्हाने कोसळायला लागली, तेव्हा नुसते सावलीतले तापमान उपयोगाचे नाही हे ध्यानात आले. त्यांनी तीन आकडे एकत्र केले. ओल्या कापडात गुंडाळलेल्या थर्मामीटरचा ७० टक्के, उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्यातल्या थर्मामीटरचा २० टक्के आणि साध्याचा १० टक्के. हे मिश्रण सुमारे ३२.२ अंशांना पोहोचले की काळा झेंडा लागतो आणि अंगमेहनतीचे काम थांबते.

एक उदाहरण करून पाहू. पुण्यात कोरडी दुपार आहे, साधे तापमान ४०, ओल्या कापडाचे २२, काळ्या गोळ्याचे ५५. मिश्रण येते ३०.४. मुंबईत त्याच दिवशी साधे ३४, ओल्याचे २८, गोळ्याचे ४८. मिश्रण ३२.६. म्हणजे पुणेकर ‘चाळीस झाले हो’ म्हणून कपाळाला हात लावत असतो तेव्हा काळा झेंडा लागतो मुंबईच्या रेंजवर. दमट हवेत घाम वाळत नाही. कोकण-गोव्याकडच्या कुणालाही हे सूत्राशिवाय माहीत आहे.

मग करायचे काय? पहिला उपाय जॅकेटचाच. ते अंगावर असायला हवे तेवढाच वेळ असावे. आपल्याकडे मुले रेंजवर आली की आधी जॅकेट चढवतात आणि मग गप्पा मारत उभी राहतात. डिटेल, म्हणजे एका तुकडीची पाळी, संपला की गुंड्या सोडून थेट पंख्यासमोर बसावे. माठातल्या किंवा बर्फाच्या पाण्यात भिजवलेले पंचे मानेवर, काखेत, हाताच्या पंजांवर ठेवावेत. मॅचच्या आधी बर्फाचे सरबत हळूहळू पोटात गेले तर शरीर थोडे खालच्या तापमानावरून सुरुवात करते. ट्रिगरचे बोट मात्र बर्फात घालू नका, ते बधिर होते.

स्वेटरऐवजी पातळ टी-शर्ट घालावा का? घालावा, पण मॅचच्या दिवशी पहिल्यांदा नको. आतला थर बदलला की जॅकेट सैल बसते, खांद्यावरची रायफल किंचित खाली येते आणि गोळ्यांचा ग्रुप दुसरीकडे जातो. मार्च उजाडला की उन्हाळी टी-शर्टवरच सराव करावा, साइटचे आकडे वहीत वेगळे लिहून ठेवावेत.

दुसरी गोष्ट सवयीची. दमाने, रोज थोडे थोडे ऊन सोसले तर दहा ते चौदा दिवसांत शरीर बदलते. घाम लवकर सुटतो, त्यातले मीठ कमी होते, तेवढ्याच उन्हात ठोके कमी पडतात. नेमके इथेच आपले चुकते. १० मीटरचा एअर रायफलचा सराव बहुतेक ठिकाणी बंद हॉलमध्ये, बऱ्याचदा एसीत. एप्रिलभर एसीत सराव केलेले पोर मेमध्ये पत्र्याच्या छपराखालच्या ५० मीटरवर नेऊन उभे केले तर त्याच्या शरीराच्या लेखी अजून जानेवारीच चालू असतो.

पाण्याबद्दल आपल्याला शिकवायला नको, पण थोडे हिशेबाने घ्यावे. मॅचआधी आणि नंतर वजन करा. पन्नास-पंचावन्न किलोच्या मुलीचे वजन एक-सव्वा किलोने उतरले असेल तर वजनाच्या दोन टक्के पाणी गेले, आणि तेवढ्याने लक्ष विचलित व्हायला लागते. नुसते पाणी ढोसत राहिले तर रक्तातले मीठ पातळ होते, तेही वाईट. मीठ घातलेले ताक, पन्हे, कोकम सरबत, लिंबू सरबत हे आपल्याकडचे जुने उपाय इथे चोख काम करतात. एक लिटर पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ हे घरचे मिश्रणही चालते. खिशात कांदा ठेवून काही होत नाही. तो भाकरीबरोबर खावा.

पण ताकाचा पेला उचलण्याआधी हात साबणाने धुवा. ५० मीटरला वापरतात त्या पॉइंट टू टू बोअरच्या गोळ्या शिशाच्या असतात. घामेजलेल्या बोटांवर ते शिसे बसते आणि तिथून ओठांवर जाते. रेंजवर मी पाहिलेल्या शंभरातल्या नव्वद जणांना याचे काही वाटत नाही.

उन्हाची सगळ्यात देखणी खोडी मात्र डोळ्यांशी आहे. तापलेल्या जमिनीलगतची हवा विरळ होते, वरची तुलनेने दाट राहते आणि त्यांच्यातून येणारा प्रकाश वाकतो. हेच मृगजळ. रेंजवर त्याला सगळे ‘मिराज’ म्हणतात. दुर्बिणीतून पाहिले तर टार्गेटपुढे पाणी वाहताना दिसते. त्या वाहण्याच्या दिशेने काळा गोल सरकल्यासारखा भासतो आणि नेमबाज नसलेल्या जागी नेम धरतो. पण या मृगजळाचा उपयोगही आहे. झेंडे लोंबकळत असतात तेव्हाही ते हवेची हालचाल दाखवते. पाणी सरळ वर उकळताना दिसले तर वारा पडला आहे किंवा दिशा बदलणार आहे. जाणते नेमबाज तेव्हा बोट ट्रिगरवरून काढून थांबतात. तापलेल्या नळीवरूनही असेच तरंग उठतात, ते साइटसमोर येऊ नयेत म्हणून नळीवर लांब पट्टी ताणतात. ३०० मीटरच्या मोठ्या रायफलींना तिची गरज जास्त.

एनसीसीच्या मे महिन्यातल्या कॅम्पात ज्यांनी धुळीत पालथे पडून पाच गोळ्यांचे ‘ग्रुपिंग’ केले असेल, त्यांना हा उकळता काळा गोल आठवेल. तेव्हा आपल्याला वाटले होते की डोळेच बिघडले.

सामानालाही ऊन लागते. गोळ्या सावलीत ठेवाव्यात. तापलेली दारू जास्त दाब देते, गोळीचा वेग बदलतो. एअर रायफलच्या २०० बार दाबाच्या सिलिंडरचे तापमान बंद गाडीत २५वरून ६० अंशांवर गेले तर दाब सुमारे २२३ होतो. म्हणून ते डिकीत विसरू नका.

शॉटगनने उडत्या तबकड्या फोडणाऱ्या ट्रॅप आणि स्कीटवाल्यांचे दुःख वेगळे. त्यांना कॅनव्हास नाही, पण छप्परही नाही. ११० मिलिमीटरची तबकडी उन्हाने धुवून निघालेल्या आकाशात शोधायची, म्हणून त्यांच्याकडे चष्म्याच्या रंगीत काचांची अख्खी पेटी असते. २००४च्या ऑगस्टमध्ये अथेन्सजवळच्या मार्कोपुलो रेंजवर राज्यवर्धनसिंह राठोड यांनी डबल ट्रॅपचे रौप्य घेतले. सुवर्ण मिळाले संयुक्त अरब अमिरातीच्या अहमद अल मक्तूम यांना. वाळवंटातला माणूस उन्हाळी खेळात पहिला आला याचे मला तरी नवल वाटले नाही.

शेवटी एक गोष्ट, जी गुणांपेक्षा मोठी आहे. उन्हाने गरगरलेला माणूस आणि भरलेली रायफल एका लेनमध्ये असता कामा नयेत. डोके दुखते आहे, मळमळते आहे, साइटचे कडे अंधुक दिसते आहे असे वाटले की बोल्ट उघडायचा, चेंबरमध्ये सेफ्टी फ्लॅग घालायचा, रायफल खाली ठेवायची आणि रेंज ऑफिसरला हाक मारायची. शेजारचा असंबद्ध बोलायला लागला, चालताना भेलकांडला तर तो उष्माघात समजावा, मग त्याला घाम येत असो वा नसो. जॅकेट काढा, गुंड्या निघत नसतील तर कात्रीने कापा. पाणी ओता, वारा घाला, बर्फ लावा आणि ते चालू ठेवूनच १०८ला फोन करा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका.

आयोजकांना एकच विनंती आहे. मे महिन्यातल्या ज्युनियर मॅचचे वेळापत्रक लावताना सकाळी सातचा पहिला डिटेल ५० मीटर थ्री पोझिशनला द्या. एअर पिस्तूलची मुले हॉलमध्ये दुपारी दोनलाही खेळू शकतात.