जठरांतील गांठ व तिचें रक्त

जठराच्या कर्करोगाचा तपासणी-अहवाल घरीं आला म्हणजे तो बहुधा घरांतील शिकलेल्या मुलाच्या किंवा सुनेच्या हातीं पडतो. एका प्रथिनापुढें अधिक चिन्ह, दुसऱ्यापुढें उणें, आणि वडील मंडळी विचारतात, "म्हणजे किती दिवस?" या प्रश्नाचें उत्तर त्या चिन्हांत कितपत असतें, याचा विचार आम्हीं येथें करावयाचें योजिलें आहे.

गांठ वाढावयाची तर तिला अन्न व प्राणवायु हीं पाहिजेतच. बोस्टनचे शस्त्रवैद्य ज्यूडा फोकमन यांनीं १९७१ सालीं असें प्रतिपादन केलें कीं, नवीन रक्तवाहिन्या मिळाल्यावांचून गांठ एक-दोन मिलिमीटरपलीकडे वाढूं शकत नाहीं. पुष्कळ विद्वानांनीं तेव्हां ही कल्पना मनावर घेतली नाहीं. परंतु १९८९ सालीं नपोलिओन फेरारा व त्यांचे सहकारी यांनीं रक्तवाहिन्यांना फुटवे फोडणारें प्रथिन वेगळें काढलें. त्याला व्हीईजीएफ म्हणतात. (हेंच प्रथिन ड्वोरॅक यांच्या प्रयोगशाळेंत १९८३ सालींच निराळ्या नांवानें सांपडलें होतें!) गांठीच्या पोटांतील पेशी प्राणवायूवांचून गुदमरूं लागल्या कीं त्या हें प्रथिन बाहेर सोडतात, आणि शेजारच्या वाहिन्या त्या दिशेनें वाढूं लागतात. अशा घाईनें बांधलेल्या वाहिन्या वांकड्यातिकड्या व गळक्या असतात. त्यांतून रोगी पेशी रक्तांत शिरून यकृतापर्यंत जाऊं शकतात.

गांठीचा पातळ काप घेऊन सीडी-३१ अथवा सीडी-३४ या प्रथिनांवर बसणारा रंग दिला असतां वाहिन्यांचें अस्तर उठून दिसतें व सूक्ष्मदर्शकाखालीं त्या मोजतां येतात. वाहिन्या दाट व व्हीईजीएफ विपुल, अशा रोग्यांचा रोग अधिक पसरलेला असतो, असें अनेक संशोधकांना आढळलें. मात्र मोजण्याची रीत प्रयोगशाळेगणिक बदलते. त्यामुळें ही मोजणी नित्याच्या तपासणींत रूढ झाली नाहीं, आणि एकट्या तिच्यावरून भविष्य वर्तविणें आम्हांस धाडसाचें वाटतें. गांठ जठराच्या भिंतींत किती खोल गेली, किती लसिकाग्रंथींत पोंचली व दूरच्या अवयवांत गेली कीं काय, यांवरच आयुष्याचा अंदाज मुख्यतः अवलंबून असतो. रोग आंतल्या दोन थरांतच असतां शस्त्रक्रिया झालेल्या जपानांतील रोग्यांपैकीं शेंकडा नव्वदांहून अधिक पांच वर्षांनंतर हयात असतात.

प्रथिनांचा खरा उपयोग औषधाची निवड करण्यांत आहे. हर-टू हें प्रथिन ज्यांच्या गांठींत विपुल, त्यांना पसरलेल्या रोगांत नेहमींच्या औषधांच्या जोडीनें ट्रास्टुझुमॅब दिल्यावर, २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, मध्यम आयुर्मर्यादा ११.१ महिन्यांवरून १३.८ वर गेली. रक्तवाहिन्यांवरचा हल्ला इतका सरळ ठरला नाहीं. बेव्हॅसिझुमॅबनें आयुष्य निश्चितपणें वाढतें, असें २०११ च्या प्रयोगांत सिद्ध झालें नाहीं. व्हीईजीएफ ज्या कुलपांत बसतें तें कुलूपच अडविणाऱ्या रामुसिरुमॅबनें, पॅक्लिटॅक्सेलच्या जोडीनें, २०१४ सालीं ७.४ महिन्यांचे ९.६ केले. दोन महिने! कोणी यास क्षुल्लक म्हणेल. ज्या घरांत मुंज वा लग्न ठरलेलें आहे, तेथें ते तसे वाटणार नाहींत.

"मध्यम" म्हणजे निम्मे रोगी त्याहून अधिक जगले, हेंहि वडिलांना सांगावयास पाहिजे. आणि रोग्याच्या भावंडांनीं व मुलांनीं हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूची तपासणी करून घ्यावी. मार्शल व वॉरन यांनीं १९८२ सालीं पर्थ येथें वाढवून दाखविलेला हा जंतु जठराच्या कर्करोगाचें एक प्रमुख कारण असून तो औषधांनीं नाहींसा करतां येतो.