निकाल लागायचा आहे

मे महिन्यात आमच्याकडे दोन गोष्टींची वाट पाहतात. एक पावसाची आणि दुसरी बारावीच्या निकालाची. चंद्रपुरात पारा पंचेचाळीसच्या पुढे गेलेला असतो, गडचिरोलीच्या जंगलात तेंदूपत्त्याचा हंगाम सुरू असतो आणि पुडे बांधणाऱ्या हातांपैकी काही हात नुकतीच बारावीची परीक्षा देऊन आलेले असतात. या भागात मी बरीच वर्षे बारावीला शिकवले. परीक्षेच्या आधी घाबरलेली मुले मी पाहिलीच, पण परीक्षा संपल्यावर घाबरलेली मुले त्यांच्याहून जास्त पाहिली.

पेपर संपला की मुलांना बरोबर आलेली चाळीस गणिते आठवत नाहीत, चुकलेले एक आठवते. रोज रात्री ते एकच आठवते. मग "सर, केमिस्ट्री गेली जी" असे म्हणत मूल दारात उभे राहते. गेली म्हणजे किती गेली, हे त्याला विचारून पाहा. उत्तर मिळत नाही. भीतीला आकडा नसतो, म्हणून ती मोठी दिसते. तेव्हा आज आपण आधी आकडे मांडू.

अभियांत्रिकीचे घ्या. खुल्या प्रवर्गातील विद्यार्थ्याला बारावीला भौतिक, रसायन आणि गणित मिळून ४५ टक्के गुण लागतात, राज्यातील मागास प्रवर्गांना ४० टक्के. म्हणजे ३०० पैकी १३५ किंवा १२०. आता या तीनशेची फोड करा. भौतिक आणि रसायन यांची प्रात्यक्षिके प्रत्येकी ३० गुणांची, गणिताचे अंतर्गत २० गुण. हे झाले ८०. प्रात्यक्षिके वेळेवर केलेल्या, वही पूर्ण असलेल्या मुलाला त्यातले सत्तर तरी मिळतील असे धरू. मग लेखी परीक्षेच्या २२० गुणांतून त्याला हवे असतात ६५. मागास प्रवर्गातल्या मुलाला ५०. प्रत्येक विषयात उत्तीर्ण व्हायचे ते वेगळे, ते विसरू नका. पण "माझे ४५ टक्के होणार नाहीत" म्हणून रात्र रात्र जागणाऱ्या मुलासमोर हा हिशेब कागदावर मांडला की त्याचा चेहरा बदलतो. मी तो शेकडो वेळा मांडला आहे.

मग प्रवेश कशावर मिळतो? सीईटीच्या पर्सेंटाइलवर. बारावीचे गुण लागतात ते पात्रतेपुरते, फार तर दोघांची बरोबरी झाली तर. पालकांना हे पटायला वेळ लागतो, कारण आमच्या पिढीत बारावीचे गुण म्हणजेच प्रवेश. आपल्या वेळची भीती आपण मुलांच्या दप्तरात भरतो.

पर्सेंटाइल या शब्दाने तर घराघरांत गोंधळ घातला आहे. ९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के गुण नव्हेत. तुमच्याबरोबर त्या सत्रात शंभर जण बसले असतील, तर त्यातले नव्वद जण तुमच्या बरोबरीचे किंवा तुमच्या मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. सीईटी अनेक सत्रांत होते, प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी. कुणाला सोपी आली, कुणाला अवघड आली, ही तक्रार मिटावी म्हणून सत्रातल्या सत्रात तुलना करतात. म्हणून पेपर अवघड गेला म्हणून रडू नका. तुम्हाला अवघड गेला तो शेजारच्या बाकावरच्यालाही अवघडच गेला असणार. आणि राज्याच्या सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. 'नीट'मध्ये मात्र बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकीला एक वजा. दोन्हींचा हिशेब एकाच पद्धतीने करणारी मुले उगीच घाबरतात किंवा उगीच निर्धास्त होतात.

खरी टांगती तलवार असते ती जेईई देणाऱ्यांवर. एनआयटीसाठी जेईईत चांगला क्रमांक असला तरी बारावीत ७५ टक्के हवेत, अनुसूचित जाती-जमातींना ६५, नाहीतर आपल्या मंडळातल्या वरच्या वीस पर्सेंटाइलमध्ये नाव हवे. करोनाच्या काळात, २०२० ते २०२२, ही अट शिथिल होती. २०२३ पासून ती पुन्हा आली. हे 'किंवा' फार महत्त्वाचे आहे. ७४ टक्के पडले म्हणून सगळे संपले असे समजण्याआधी ती दुसरी वाट तपासा.

इंग्लंडमध्ये तर हे सगळ्यांच्याच वाट्याला येते. तिथली विद्यापीठे आधी जागा देऊ करतात, पण अमुक श्रेणी मिळाली तर, या अटीवर. निकाल लागतो ऑगस्टमध्ये. तोपर्यंत मुले नखे खात बसतात. थोडक्यात हुकले तरी विद्यापीठ कधीकधी घेते, नाही घेतले तर 'क्लीअरिंग' नावाची सोय आहे, उरलेल्या जागा तिथे भरतात. आपल्याकडे पात्रता आकड्यात असते, कुणाच्या मर्जीत नसते. ते एका अर्थी कठोर आहे. पण खेड्यातल्या ओळखपाळख नसलेल्या मुलासाठी तेच बरे, असे माझे मत आहे.

आता एक चूक सांगतो. ती माझीच आहे. माझ्याकडे एक मुलगा होता, आदिवासी पाड्यावरचा, वसतिगृहात राहून शिकलेला. आपण नापास होणार अशी त्याची खात्रीच झाली होती. जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज त्याने पाठवला नव्हता. "पास झालो तर करीन," म्हणाला. मीही म्हणालो, "बरं, निकाल तर लागू दे." तो तेंदूपत्त्याला गेला. निकाल लागला. तिन्ही विषय मिळून त्याला ५२ टक्के होते. पण प्रवेशाच्या फेऱ्या संपेपर्यंत वैधता प्रमाणपत्र हाती आले नाही. राखीव जागा गेली, खुल्या जागेची फी त्याच्या बापाला झेपणारी नव्हती. ज्या गुणांची त्याने दोन महिने काळजी केली, ते त्याच्याकडे होते. ज्या कागदाची काळजी करायला हवी होती, तो नव्हता. त्याने पुढे बी.एस्सी. केले, आता तो शिक्षक आहे आणि भेटला की हसून बोलतो. मला मात्र त्याच्याशी बोलताना ते "निकाल तर लागू दे" आठवते.

तेव्हापासून मी मुलांना सांगत आलो : गुणांची काळजी करून गुण वाढत नाहीत, कारण उत्तरपत्रिका तुमच्या हातून गेली आहे. हातात आहेत ते कागद. जातीचा दाखला, वैधता, अधिवास, उत्पन्न, लागू असेल तर नॉन-क्रीमीलेअर. हे सगळे निकालाआधी करा. पुढे पावसाळा लागतो. पर्लकोटेचे पाणी पुलावर चढून भामरागड तुटल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षे वाचल्या आहेत. ऑनलाइन फेरीची मुदत नदीचे पाणी उतरायची वाट पाहत नाही.

निकाल मनासारखा लागला नाही तर? आधी गुणपडताळणी मागता येते. उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागता येते आणि ती पाहून शिक्षकाला दाखवून मगच पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करावा. एखादा विषय राहिला तर त्याच पावसाळ्यात पुरवणी परीक्षा असते. पूर्वी ऑक्टोबरची वाट पाहावी लागे आणि वर्ष जाई. उत्तीर्ण होऊनही गुण कमी वाटले तर श्रेणीसुधारची सोय आहे. विज्ञानाची बारावी झालेल्याला पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते, आणि पदविका झाली की अभियांत्रिकीच्याही दुसऱ्या वर्षाला. ही वाट एखाद्या वर्षाने लांब पडते, एवढेच.

आणि आता वाटा घराजवळही आल्या आहेत. चंद्रपूरचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९९६ पासून आहे. गोंडवाना विद्यापीठ २०११ साली गडचिरोलीत सुरू झाले, त्याआधी साध्या गुणपत्रिकेच्या कामालाही नागपूर गाठावे लागे. चंद्रपूरला २०१५ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय आले, गडचिरोलीला २०२४ मध्ये.

पालकांसाठी एकच. शेजारच्या पोराचे किती येणार, हे जेवताना विचारू नका. मूल जेवत नसेल, झोपत नसेल, एकटेच बसत असेल, "मी नसतो तर बरं झालं असतं" असे काही बोलत असेल, तर ते नाटक समजू नका. त्याच्याजवळ बसा, त्याला एकटे सोडू नका. १४४१६ हा 'टेलि-मानस'चा मोफत क्रमांक आहे, दिवसरात्र चालतो, मराठीतही बोलता येते. रेंज नसेल तर गावातल्या आशाताईंना, आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना सांगा. हे निकालाच्या दिवसाआधी करायचे काम आहे. आणि निकालाच्या दिवशी मोबाइल घेऊन रेंजसाठी टेकडीवर जाणाऱ्या मुलाबरोबर घरातले कुणीतरी मोठे माणूस जाऊ द्या.