सहाशे पाच आणि चोपन्न

कुवेत सिटी : नोकरीसाठी इथे नव्याने येणारा मराठी माणूस सामानासोबत एक सिनेमाही घेऊन येतो. इराकने कुवेत गिळले तो १९९०चा ऑगस्ट म्हटला की त्याला ‘एअरलिफ्ट’ आठवतो, अक्षयकुमार आठवतो, अम्मानच्या दिशेने निघालेल्या बसगाड्या आठवतात. मूळ घटना सिनेमाहून मोठी होती. एअर इंडियाने दोन महिन्यांत ४८८ उड्डाणे करून एक लाख अकरा हजारांवर भारतीयांना मायदेशी आणले. पण हे कौतुकाने कुवेती माणसाला सांगायला गेले, की तो सभ्यपणे मान हलवतो, वेलदोड्याच्या कॉफीची वाटी पुढे करतो आणि विषय बदलतो. त्याच्या लेखी त्या वर्षाची खरी गोष्ट परत आलेल्यांची नाहीच. ती नेलेल्यांची आहे.

आपल्याकडे आखाती युद्धाच्या आठवणी ठरलेल्या: सीएनएनवरची हिरवट रात्र, पेट्रोलची टंचाई, पाठोपाठ देशाचे गहाण पडलेले सोने. फेब्रुवारी १९९१मध्ये कुवेत मुक्त झाले आणि प्रकरण संपले, अशी सर्वसाधारण समजूत. इथे राहिल्यावर कळते, की त्या फेब्रुवारीत एक वेगळेच प्रकरण सुरू झाले होते.

पराभव समोर दिसू लागल्यावर परतणाऱ्या इराकी सैन्याने कुवेतच्या रस्त्यांवरून आणि घरांतून माणसे उचलली. प्रतिकारात असल्याच्या संशयावरून काहींना आधीच पकडून नेले होते. शेवटच्या दिवसांत तर तरुण दिसला एवढे कारणही पुरत होते. यांपैकी हजारो लोक मार्चमध्ये परत आले. सहाशे पाच नावे उरली. त्यांत विद्यार्थी होते, कारकून होते, काही बायका होत्या, कुवेती नसलेलेही होते. सैनिकांपेक्षा साधी माणसेच जास्त. तेव्हा कुवेती नागरिकांची संख्या दहा लाखांच्याही खाली होती. एवढ्याशा समाजात सहाशे पाच जण गायब होतात, तेव्हा प्रत्येकाच्या नात्यात, नाहीतर ऑफिसात, नाहीतर शेजारच्या गल्लीत त्या यादीतला कुणी तरी निघतोच.

मग या श्रीमंत, सुस्त समजल्या जाणाऱ्या देशाने कंबर कसली. बेपत्ता आणि युद्धकैद्यांसाठी सरकारी राष्ट्रीय समिती नेमली. अमेरिकेतली पिवळी फीत उचलून आपली केली. ‘आमच्या कैद्यांना विसरू नका’ हे वाक्य गाड्यांच्या काचांवर चिकटले, टपाल तिकिटावर छापले गेले. परदेशी पाहुणा आला, की तेलाच्या गप्पांआधी त्याला ही यादी ऐकावी लागे. आई-बाप आणि बायका-मुलांची शिष्टमंडळे देशोदेशी हिंडली. प्रत्येक नावाची स्वतंत्र फाइल झाली: कधी उचलले, कुठून, कुणी पाहिले, शेवटचे कोणत्या तुरुंगात दिसले.

ओलिसांसाठी दारोदार फिरण्याची रीत तोवर जगाला नवी नव्हती. १९९०च्या शरदात बगदादला तशा फेऱ्यांची रांगच लागली होती. सद्दाम हुसेनने हजारो पाश्चात्त्य आणि जपानी नागरिकांना अडकवून ठेवले होते, कित्येकांना धरणे आणि कारखान्यांजवळ ढाल म्हणून बसवले होते. मग पश्चिम जर्मनीचे माजी चॅन्सेलर विली ब्रँट आले, ब्रिटनचे माजी पंतप्रधान एडवर्ड हीथ आले, जपानचे माजी पंतप्रधान नाकासोने आले. बॉक्सर मुहम्मद अली आला आणि पंधरा अमेरिकनांना घेऊन गेला. प्रत्येक जण आपापली माणसे विमानात बसवून परतला. डिसेंबरपर्यंत सगळे परदेशी सुटले.

भारताने तर ऑगस्टमध्येच बाजी मारली होती. परराष्ट्रमंत्री इंद्रकुमार गुजराल बगदादला गेले आणि सद्दामने त्यांना मिठी मारली. तो फोटो जगभर छापून आला. भारतीयांना जॉर्डनमार्गे बाहेर पडायची वाट मिळाली. संयुक्त राष्ट्रांच्या निर्बंधांत अन्नधान्यही अडकले असताना ‘विश्व सिद्धी’ या भारतीय जहाजाला धान्य नेण्याची खास परवानगी मिळाली. मुत्सद्देगिरी म्हणून हे चोखच होते. कुवेतमध्ये मात्र तो फोटो अजून लोकांच्या लक्षात आहे. वयस्क कुवेती माणूस भारतीय पाहुण्याला चहा पाजता पाजता त्या मिठीची आठवण काढतो. आवाज प्रेमळ असतो, पण टोचणी लपत नाही. बाकीच्यांनी आपापली माणसे सोडवून नेली. ज्यांच्या देशाचीच लूट झाली होती, त्या कुवेतींकडे सौदा करायला काही उरले नव्हते.

त्यांच्या हाती आले ते निर्बंध. ६ ऑगस्ट १९९० रोजी सुरक्षा परिषदेने ६६१ क्रमांकाच्या ठरावाने इराकचा व्यापार बंद पाडला. एप्रिल १९९१च्या ६८७ क्रमांकाच्या ठरावात शस्त्रे, सीमा आणि नुकसानभरपाई यांच्या जोडीला नेलेली माणसे परत करण्याची अटही आली. कुवेतने ती अट घट्ट धरून ठेवली: कैद्यांचा हिशेब लागेपर्यंत निर्बंध सैल करू नका. रेड क्रॉसच्या अध्यक्षतेखाली त्रिपक्षीय आयोग बसला. एका बाजूला इराक, दुसऱ्या बाजूला कुवेत, सौदी अरेबिया, अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्स. काहींना पकडल्याचे इराकने कबूल केले. पण मार्च १९९१मध्ये दक्षिणेत बंड झाले, त्या गोंधळात त्यांचा माग सुटला, असे तो सांगत राहिला. १९९८च्या अखेरीस अमेरिकी-ब्रिटिश बॉम्बहल्ला झाला आणि इराकने बैठकांना येणेच सोडले. तेव्हा सुरक्षा परिषदेने १९९९च्या डिसेंबरात आणखी एक ठराव करून या प्रश्नासाठी खास समन्वयक नेमायला सांगितले. त्या जागी युली व्होरोन्त्सोव्ह हे मुरलेले रशियन मुत्सद्दी आले.

सहाशे पाच माणसांसाठी संयुक्त राष्ट्रांचा स्वतंत्र अधिकारी! दिल्लीच्या साउथ ब्लॉकमध्ये कुणी असे सुचवले, तर त्याला आधी पाणी विचारतील.

कुवेतच्या दिवाणियात, म्हणजे घराच्या पुढच्या बैठकीत, रात्री पुरुषमंडळी जमतात. तिथे राजकारण, लग्ने, फुटबॉल सगळे निघते. अशाच एका बैठकीत साताऱ्याकडच्या एका इंजिनिअरला यजमानाने सहज विचारले, तुमचे किती बेपत्ता? त्याने आकडा सांगितला, चोपन्न. साल? १९७१. त्यांची समिती कुठे बसते? अध्यक्ष कोण? घरच्यांचे डीएनए नमुने घेतले आहेत ना? इंजिनिअर म्हणाला, संसदेत प्रश्न विचारले की उत्तर मिळते. यजमानाला वाटले, हा काही तरी गमतीने बोलतोय.

ही गंमत महाराष्ट्राच्या अगदी जवळची आहे. १९७१च्या युद्धात बेपत्ता झालेल्या आणि पाकिस्तानच्या कैदेत असल्याचे मानल्या जाणाऱ्या त्या चोपन्न भारतीय सैनिकांत एक नाव आहे फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे. ५ डिसेंबर १९७१ रोजी पाकिस्तानातल्या हवाई तळावरच्या हल्ल्यात त्यांचे विमान पडले. पाठोपाठ तिकडच्याच एका वृत्तपत्रात पकडलेल्या भारतीय वैमानिकांच्या बातमीत त्यांच्या नावाशी जुळणारे नाव छापून आले. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे राष्ट्रीय बॅडमिंटनपटू, अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. लग्नाला दोन वर्षेही झाली नव्हती. पुढची अनेक दशके त्या मंत्र्यांची, अधिकाऱ्यांची आणि न्यायालयांची दारे ठोठावत राहिल्या. याच यादीतल्या मेजर अशोक सूरी यांच्या वडिलांच्या हाती तर युद्धानंतर तीन वर्षांनी, १९७४मध्ये, मुलाने लिहिलेली चिठ्ठी पडली. १९८३ आणि २००७मध्ये नातेवाइकांना पाकिस्तानी तुरुंग दाखवले गेले. कुणी सापडले नाही. असे कैदी आपल्याकडे नाहीतच, हे पाकिस्तानचे उत्तर कायम आहे. आपण हा विषय वेळोवेळी मांडतो, हे दिल्लीचे उत्तरही तितकेच कायम.

१६ डिसेंबरला विजय दिवस येतो. सिमला करारानंतर भारताने सोडलेल्या सुमारे ९३ हजार पाकिस्तानी युद्धकैद्यांचा आकडा त्या दिवशी प्रत्येक भाषणात, प्रत्येक शाळेच्या फळ्यावर असतो. चोपन्नचा आकडा नसतो. टेबलावर ९३ हजार माणसे असताना आपली चोपन्न मोजून का घेतली नाहीत, हा प्रश्न कुवेतच्या दिवाणियात पहिल्या पाच मिनिटांत निघतो. पुण्या-मुंबईच्या कट्ट्यावर तो पन्नास वर्षांत क्वचितच निघाला असेल. २०११मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने केंद्राला हे प्रकरण आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेण्यास सांगितले. केंद्राने सर्वोच्च न्यायालयात जाऊन त्या आदेशाला स्थगिती मिळवली. पाकिस्तानशी जे बोलायचे ते दोघांतच, तिसरा मध्ये नको, हे सिमल्यापासूनचे धोरण. काश्मीरसाठी ते सोयीचे असेल. तांबे कुटुंबासाठी त्याचा अर्थ एवढाच, की ज्याने नेले त्याच्याच दारात पुन्हा पुन्हा जायचे. कुवेतने नेमके उलटे केले. घरचे दुखणे त्याने साऱ्या जगाच्या टेबलावर ठेवले आणि वर्षानुवर्षे तिथून हलू दिले नाही.

कुवेतचे हे कौतुक करताना जीभ अडखळते ती इराकच्या नावाशी. निर्बंध तेरा वर्षे चालले. सद्दामचे महाल उभेच राहिले, औषधांविना मेली ती इराकी पोरे. संयुक्त राष्ट्रांचे मदतकार्य पाहणारे डेनिस हॅलिडे यांनी १९९८मध्ये निषेध म्हणून राजीनामा दिला, दोन वर्षांनी त्यांच्या जागी आलेल्या हान्स फॉन स्पोनेक यांनीही दिला. २००३मध्ये सद्दाम गेला आणि इराकमधल्या समावाजवळच्या वाळवंटात आणि इतरत्र सामूहिक थडगी उघडू लागली. ज्यांच्या सुटकेसाठी शिष्टमंडळे हिंडत होती, त्यांतल्या अनेकांना पकडल्यानंतर लवकरच गोळ्या घातल्या गेल्या होत्या. जिवंत इराकींच्या घशाला बसलेल्या फासात मेलेल्या कुवेतींची सुटका ही एक अट होती. हे दिवाणियात बोलून दाखवले तर बैठक गप्प होते. मग कुणी तरी म्हणते, आम्हाला कुठे माहीत होते? ते खरेही आहे. सांगणे बगदादच्या हातात होते आणि बगदादने सांगितले नाही.

थडगी सापडल्यावर कुवेतची ती फाइल-पद्धत उपयोगी पडली. नातेवाइकांचे डीएनए नमुने घेतलेले होते, त्यामुळे हाडांना नावे मिळू लागली. सुलैबिखातच्या दफनभूमीत राष्ट्रध्वजात गुंडाळलेल्या पेट्या आल्या. हे काम २००३नंतर थांबलेही नाही. २०१९मध्ये समावाजवळ आणखी एक थडगे मिळाले आणि पुढच्या दोन वर्षांत त्यातल्या अनेकांची ओळख पटली.

त्याच इराकमध्ये २०१४च्या जूनमध्ये मोसुलजवळ ४० भारतीय मजुरांना इस्लामिक स्टेटने पकडले. त्यांतले बहुतेक पंजाबचे. तिथून निसटून आलेला एक जण सांगत होता, की बाकीच्यांना मारले. दिल्ली मात्र त्यांच्या घरच्यांना जवळजवळ चार वर्षे सांगत राहिली, की ते जिवंत आहेत. मार्च २०१८मध्ये परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी राज्यसभेत उरलेल्या ३९ जणांचा मृत्यू जाहीर केला. तेव्हाही ओळख पटवली ती डीएनएनेच, मोसुलजवळच्या बदूशच्या ढिगाऱ्यातून काढलेल्या हाडांवरून. जिवंतांना आणायचे असले की आपण जगात अव्वल. विमाने, जहाजे, विक्रम, सगळे आहे. जो आला नाही त्याची वही कोण ठेवतो, हे मात्र कुणालाच सांगता येत नाही.

कुवेतवर चिडायलाही कारणे थोडी नाहीत. इतकी चोख वही ठेवणारा हा देश काही नावे लिहायलाच तयार नसतो. युद्धाआधी कुवेती लष्करात ‘बिदून’, म्हणजे नागरिकत्व नसलेल्या अरबांचा मोठा भरणा होता. मुक्तीनंतर त्यांतल्या अनेकांची नोकरी गेली. इथे वर्षानुवर्षे राहिलेल्या लाखो पॅलेस्टिनींना जावे लागले. आज भारतीय इथला सर्वांत मोठा परदेशी समाज, दहा लाखांच्या आसपास. जून २०२४मध्ये मंगाफच्या कामगार इमारतीला आग लागली आणि ४५ भारतीय मेले. हवाई दलाच्या विमानाने शव कोचीला नेले. बातमी आठवडाभर चालली.

फेब्रुवारीच्या २५ आणि २६ तारखांना राष्ट्रीय दिन आणि मुक्तिदिन. गल्फ रोडवर पोरे पाण्याच्या पिचकाऱ्या घेऊन गाड्यांवर तुटून पडतात. सरकार दरवर्षी रागावते, लोक दरवर्षी भिजतात. त्या पोरांपैकी कुणीही युद्ध पाहिलेले नाही. पण सहाशे पाच म्हटले की त्यांना कळते.

नुकसानभरपाईचा हिशेब २०२२च्या सुरुवातीला मिटला. तेलाच्या उत्पन्नातून इराकने एकूण ५२.४ अब्ज डॉलर चुकते केले. युद्धात सारे सोडून पळालेल्या भारतीय कामगारांनाही संयुक्त राष्ट्रांच्या नुकसानभरपाई आयोगाकडून पैसे मिळाले, केरळात तसे कोकणात आणि गोव्यातही. माणसांचा हिशेब अजून उघडा आहे. तीनशेहून अधिक कुटुंबे वाट पाहत आहेत आणि वाळवंटातली खोदकामे चालू आहेत.

डिसेंबर २०२४मध्ये नरेंद्र मोदी इथे आले. भारतीय पंतप्रधानांची ही ४३ वर्षांतली पहिली भेट. संरक्षण, संस्कृती, क्रीडा अशा विषयांवर सह्या झाल्या. पुढच्या यादीत एक साधी ओळ सहज मावेल: संरक्षण मंत्रालयाचे दोन अधिकारी, एक न्यायवैद्यक तज्ज्ञ आणि त्या चोपन्नांच्या घरचे दोघे-तिघे यांनी आठवडाभर कुवेतच्या त्या समितीत बसावे. फाइल कशी बांधतात, नमुने कसे जपतात, दुसऱ्या देशाला बैठकीत कसे बसवतात, ते पाहावे. मुंबईहून विमान चार तासांत पोचते आणि चहाचा खर्च यजमान करतात.